'माझा बॉयफ्रेंड' हे शब्द तीन ठिकाणी ऐक

तुझा प्रश्न थोडक्यात असा होता की गे रोमान्सची ऑडिओबुकं ऐकायला लागलायस, त्यातले दोनच प्रकार मनापासून आवडतात, एक खोट्या नात्याचा, म्हणजे दोघं जोडपं असल्याचं नाटक करतात तो, आणि दुसरा तुटलेलं परत जुळण्याचा, पण तीनातली दोन पुस्तकं अर्ध्यात सुटतात, कधी आवाज खटकतो, कधी कोण बोलतंय तेच कळत नाही, मग 'मी निवडतोय चुकीचं की मला ऐकताच येत नाहीये?' मी गेली बारा वर्षं पुण्यात आवाजाचं काम करतो, आधी जाहिराती आणि डॉक्युमेंटरी, आता मुख्यतः मराठी ऑडिओबुकं, आणि ही इंग्रजी गे रोमान्सची पुस्तकं श्रोता म्हणून त्याच्याही आधीपासून ऐकतोय. त्यामुळे स्टुडिओच्या काचेच्या दोन्ही बाजूंनी सांगतो, लांब होईल, चहा घेऊन बस.

तुला ऐकता येतं, ती शंका आधी काढून टाक. हे दोन्ही प्रकार कानासाठीच आहेत असं माझं ठाम मत आहे. कागदावर लेखकाला लिहावं लागतं की तो हसून बोलला पण आतून हादरला होता, आवाजात ते लिहावं लागत नाही. आई फोनवर नुसतं 'हं, बोल' म्हणाली तरी आपल्याला कळतं ना की आज घरात काहीतरी झालंय, तसंच. खोट्या नात्याची गोष्ट म्हणजे दोन माणसं सात-आठ तास आपल्या कानात खोटं बोलतायत आणि ते खोटं हळूहळू खरं होत चाललंय, आणि हे त्यांच्या आधी आपल्याला ऐकू येतं. ती सगळी मजा त्या 'आधी'त आहे.

आपल्याला हा प्रकार इतका का भिडतो त्याचं मला सापडलेलं कारण पण सांगतो. आपण उलटं नाटक करत मोठे झालोय. घरमालकाला सांगितलं मावसभाऊ आहे, ऑफिसात सांगितलं रूममेट, लग्नाकार्यात 'हा माझा मित्र', म्हणजे प्रेम आहे पण नसल्याचं दाखवायचं. २०२२ च्या 'बधाई दो' सिनेमात दाखवलंय तसं गे पुरुष आणि लेस्बियन बाई घरच्यांसाठी लग्न करतात, ते आपल्या बाजूचं खोटं नातं, त्यातही लपवायचं तेच. आणि या पुस्तकांत काय होतं, तर दोन पुरुष प्रेम नसताना असल्याचं दाखवतात, तेही सगळ्यांसमोर, हातात हात घेऊन, भर पार्टीत, आणि कुणाची तरी आजी येऊन प्रेमाने विचारते किती दिवस झाले रे तुमचं. जे आपण कधी उघड बोललो नाही ते हे दोघं नाटक म्हणून का होईना पण मोठ्याने बोलतायत. मी पहिल्यांदा असा सीन ऐकला तेव्हा स्वयंपाकघरात कणीक मळत होतो आणि हात तसाच थांबला होता, पुढची दोन मिनिटं मी नुसता उभा होतो.

म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची टीप. खोट्या नात्याचं पुस्तक ऐकताना 'माझा बॉयफ्रेंड' हे शब्द तीन ठिकाणी नीट ऐक. पहिल्यांदा जेव्हा तो तिसऱ्याच कुणासमोर ते म्हणतो तेव्हा, मग साधारण अर्ध्यात जेव्हा कुणी विचारलेलं नसतानाही त्याच्या तोंडून निघून जातं तेव्हा, आणि शेवटी जेव्हा ते खरं झालेलं असतं तेव्हा. चांगला नॅरेटर हे तीन वेळा तीन प्रकारे म्हणतो. पहिल्यांदा शब्द जरा जास्त स्पष्ट येतो, पाठ केल्यासारखा, मधल्या वेळी घाईत येतो आणि त्याच्या मागे श्वास अडकतो, शेवटच्या वेळी त्यावर कसलाच जोर नसतो, घरचं असल्यासारखा येतो. कच्चा नॅरेटर दुसऱ्याच चॅप्टरपासून प्रेमात पडल्यासारखा वाचतो, मग नाटक राहतच नाही आणि आपल्याला वाटतं की यांना इतकं साधं कळत कसं नाही. तुझी जी पुस्तकं अर्ध्यात सुटली त्यातलं एक तरी यामुळेच सुटलं असणार.

नमुना म्हणून एक पुस्तक नावानिशी सांगतो कारण ते मी तीनदा ऐकलंय, अलेक्सिस हॉल यांचं 'बॉयफ्रेंड मटेरियल', २०२० चं, जो जेमसन यांनी वाचलेलं. लंडनची गोष्ट आहे. ल्यूक हा एका जुन्या रॉकस्टारचा मुलगा, पेपरवाले त्याच्या मागे असतात, तो शेणकिड्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेत देणग्या गोळा करतो आणि बदनामीमुळे देणगीदार बिचकायला लागतात, म्हणून त्याला एक 'सभ्य' बॉयफ्रेंड दाखवायला हवाय. ऑलिव्हर बॅरिस्टर आहे, त्याला आईवडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला सोबत कुणीतरी हवंय. पूर्ण पुस्तक ल्यूकच्याच तोंडून आहे, ऑलिव्हरच्या डोक्यात आपण कधीच जात नाही. आता एकट्या नॅरेटरपुढचं काम बघ, ऑलिव्हरला काय वाटतंय हे ल्यूकला कळत नाहीये पण श्रोत्याला कळलं पाहिजे, आणि ते सगळं ऑलिव्हरच्या मोजून-मापून बोलण्याच्या मधल्या फटींतूनच यायला हवं. सगळे त्याला ल्यूक म्हणतात, ऑलिव्हर एकटा 'लुसियन' म्हणतो, पूर्ण नाव. ते नाव प्रत्येक वेळी कसं उच्चारलंय एवढंच ऐकलंस तरी अख्खी प्रेमकथा कळते.

इंग्रजीला हे नावावरच भागवावं लागतं कारण त्यांच्याकडे 'यू' एकच. आपल्याकडे 'तुम्ही'वरून 'तू'वर यायची एक पायरी आहे, मग 'अरे' आहे, 'ए' आहे, आणि रागावल्यावर मुद्दाम परत 'तुम्ही'वर जाणं आहे. मराठीत कुणी खोट्या नात्याची गोष्ट लिहिली तर लोकांसमोर 'अरे' आणि एकटे असताना 'तुम्ही' अशी दोन पुरुषांची जोडी कानाला काय लागेल, आणि मग एका रात्री एकटे असताना चुकून 'अरे' निघतं. हा सीन माझा मनात कितीतरी वेळा वाचून झालाय.

असो, नियमांच्या सीनकडे येऊ. जवळपास प्रत्येक खोट्या नात्याच्या पुस्तकात दोघं बसून नियम ठरवतात, किती दिवस, कुणाला खरं सांगायचं, हात धरायचा का, किस करायचं का, कधी संपवायचं. तिथे बुकमार्क कर. पुस्तक असतं तर पान उलटून मागे गेलो असतो, ऑडिओत तसं जाता येत नाही आणि पुढे प्रत्येक नियम मोडणार आहे, तो मोडताना मूळ शब्द काय होते ते आठवलं तर मजा दुप्पट होते. शिवाय त्याच सीनमध्ये लेखकाचीही परीक्षा होते. खोटं बोलायचं कारण भक्कम आहे का, आणि ते उघडं पडलं तर कुणाचं काय जाणार आहे? कारण लंगडं असेल तर आवाज कितीही गोड असो, चौथ्या तासाला कंटाळा येतो. आणि लग्न-पार्टी वगैरे जे निमित्त होतं ते संपल्यावर दोघांनी एकत्र राहायला दुसरं काही कारण उरतं का हेही बघ, पुष्कळ पुस्तकं तिथेच बसतात.

जरा हिशेब सांगतो, निवडताना कामाला येईल. इंग्रजी ऑडिओबुकात एका तासात साधारण ९३०० शब्द जातात. रोमान्सची कादंबरी ८० हजार ते एक लाख शब्दांची धरली तर साडेआठ ते अकरा तास. या प्रकारात मोठं भांडण किंवा ताटातूट साधारण तीन-चतुर्थांश गोष्ट झाली की येते, म्हणजे दहा तासांच्या पुस्तकात साडेसात ते आठव्या तासाला. हे माहीत असलं की त्या रात्री साडेसातव्या तासाला थांबू नकोस, एकतर आधी थांब नाहीतर पुढे जाऊन दोघं परत बोलेपर्यंत ऐक. मी एकदा नेमका तिथे थांबलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेकॉर्डिंगला बसलो तर आवाज जड, निर्मातीने विचारलं सर्दी झालीये का.

आता कोण बोलतंय ते कळत नाही हा तुझा दुसरा त्रास. वाचायच्या तीन पद्धती असतात. सोलो, म्हणजे एकच माणूस सगळं वाचतो. ड्युअल, म्हणजे दोन नॅरेटर, ज्याच्या नजरेतून चॅप्टर आहे तो तो अख्खा चॅप्टर वाचतो, समोरच्याचे संवादसुद्धा. आणि ड्युएट, म्हणजे कुणाचाही चॅप्टर असो, ज्याचा संवाद तोच म्हणतो. नवीन माणसाला वाटतं ड्युएट सगळ्यात भारी, नाटकासारखं, पण पुष्कळदा दोघं वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळ्या दिवशी रेकॉर्ड करतात आणि नंतर जोडतात, जोडणारा चांगला नसेल तर दोघं एकमेकांचं ऐकतच नाहीयेत असं वाटतं, आणि प्रेमाच्या गोष्टीत ते फार खुपतं. ड्युअलमध्ये वेगळाच घोळ होतो, एकाच पात्राचे दोन आवाज होतात, याच्या चॅप्टरमध्ये तो घोगरा आणि त्याच्या स्वतःच्या चॅप्टरमध्ये पातळ, पहिला तासभर कान गोंधळतो आणि मग सवय होते. तेवढा धीर धर. माझा अनुभव असा की खोट्या नात्याला सोलो जास्त शोभतं, कारण एकाच्या डोक्यात बसून दुसऱ्याचा अंदाज घेत राहणं हाच तिथला खेळ आहे, आणि परत जुळणाऱ्या गोष्टीला ड्युअल, कारण तुटलं कसं याच्या दोघांच्या दोन गोष्टी असतात आणि दोन्ही ऐकायला हव्यात. सरीना बोवेन आणि एल केनेडी यांचं २०१५ चं 'हिम' तसं आहे, आइस हॉकी खेळणारे दोन मित्र, एका रात्रीनंतर एकाने बोलणंच तोडलेलं, चार वर्षांनी परत समोर येतात, चॅप्टर आलटून पालटून दोघांचे. एक जण चार वर्षं अपराधी वाटून घेतोय आणि दुसऱ्याला कळतच नाहीये की आपलं काय चुकलं, हे दोन वेगळ्या गळ्यांतून आलं की काळजात घर करतं.

घ्यायच्या आधी नमुना ऐकतोस ना, तो पुस्तकाच्या सुरुवातीचा असेल तर त्यात नुसतं निवेदन असतं, एकटा नायक सकाळी उठून कॉफी करतोय. त्यावरून काही कळत नाही. दोघांचा संवाद असलेला तुकडा मिळतो का बघ, आणि डोळे मिटून ऐक, 'तो म्हणाला' हे शब्द यायच्या आधी कोण बोललं ते कळलं तर घे. नॅरेटरच्या नावाच्या जागी 'व्हर्च्युअल व्हॉइस' लिहिलेलं असेल तर तो मशीनचा आवाज आहे. माहितीच्या पुस्तकाला चालेल एक वेळ, इथे नको, मशीनला 'लुसियन'च्या आधी थांबावंसं वाटत नाही.

थांबण्यावरून आठवलं, स्पीड. तू दीडपट स्पीडवर ऐकतोस म्हणालास, मला वाटतं अर्धा रोग इथेच आहे. दोन सेकंदांची शांतता दीडपटीवर सव्वा सेकंदाच्या आसपास येते. ती शांतता आम्ही मोजून ठेवलेली असते. 'तू परत का आलास' या प्रश्नानंतर दोन सेकंद गेले तर तो उत्तर शोधतोय, सव्वा सेकंद गेला तर नुसता श्वास घेतोय, अर्थच बदलला. आणि काही अ‍ॅपमध्ये शांतता कापून वेळ वाचवायची सोय असते, ती या पुस्तकांसाठी पहिली बंद कर. स्टुडिओत शांततेसाठी किती मेहनत असते तुला सांगतो, रिकाम्या खोलीचा आवाज वेगळा रेकॉर्ड करतात आणि तो विरामांत भरतात, म्हणजे कानाला एकदम खड्डा पडल्यासारखं वाटू नये. अ‍ॅमेझॉनच्या एसीएक्स या ऑडिओबुकं बनवायच्या-विकायच्या साइटवर पुस्तक द्यायचं तर पार्श्वभूमीचा आवाज उणे ६० डेसिबलच्या वर चालत नाही, इतकी ती शांतता जपलेली असते. नॅरेटर खरंच रटाळ असेल तर सव्वापटीपर्यंत जा, त्याच्या वर नको.

मनातले विचार आणि तोंडी बोलणं कसं वेगळं करतात तेही ऐकायला शिक. मनातलं वाचताना आपण माईकच्या जवळ सरकतो आणि आवाज कमी करतो, जवळ गेलं की माईक खर्जातले सूर जास्त पकडतो, त्यामुळे आवाज कानाच्या आत आल्यासारखा होतो. खोट्या नात्यात तीन थर लागतात, लोकांसमोरचा, दोघांतला आणि मनातला, आणि गोष्ट पुढे जाते तसे हे तीन थर एकमेकांत मिसळत जायला हवेत. शेवटच्या तासाला मनातला आणि दोघांतला आवाज एकच झालेला असेल तर तो नॅरेटर जिथे दिसेल तिथे घे, लेखक कुणी का असेना. मी तर हल्ली लेखकापेक्षा नॅरेटरच्या नावावर शोधतो. लहानपणी घरी वपुंच्या कथाकथनाच्या कॅसेट वाजायच्या, तेव्हापासूनची ही सवय असेल, आधी गळा मग गोष्ट.

आता दुसऱ्या संधीबद्दल, म्हणजे तुटलेलं परत जुळण्याच्या प्रकाराबद्दल, आणि इथे मी जरा कडक आहे. दोघं तुटले का, हे कारण खरं पाहिजे. एक मेसेज पोचला नाही, कुणालातरी मिठी मारताना पाहिलं आणि न विचारता निघून गेला, असल्या गैरसमजावर दहा वर्षं वाया घालवलेली पुस्तकं मी सोडून देतो, तूही सोड, वाईट वाटून घेऊ नकोस. आपल्याला खरं कारण माहितीये. भीती. घरचे, गाव, नोकरी, स्थळं बघायला सुरुवात झाली. ज्याने सोडलं तो वाईट नव्हता, घाबरला होता, आणि ज्याला सोडलं त्याला हे कळूनही दुखतं. अशा पुस्तकात माफीचा सीन हवा आणि तो लांब हवा. आणि जो परत आला त्याने घाबरायचं थांबवलंय हे बोलण्यातून नाही, करण्यातून दिसायला हवं.

या प्रकाराची आजी म्हणजे जेन ऑस्टेनची 'पर्स्वेशन', आली डिसेंबर १८१७ मध्ये, ऑस्टेन गेल्यानंतर पाच महिन्यांनी. ती गे गोष्ट नाही, पण तू ऐकच, मी गंभीरपणे सांगतोय. अ‍ॅनने आईच्या जागी असलेल्या बाईंच्या सांगण्यावरून वेंटवर्थशी ठरलेलं लग्न मोडलेलं असतं, आठ वर्षांनी तो समोर येतो. म्हणजे मोठ्यांच्या दबावाखाली मोडलेलं नातं, आपल्याला यात काही नवीन समजून घ्यावं लागत नाही. शेवटाकडे खोलीत ती दुसऱ्याच कुणाशी प्रेम किती टिकतं यावर बोलत असते आणि तो टेबलावर बसून लिहिता लिहिता ऐकत असतो, आणि तिला तिथल्या तिथे पत्र लिहितो, त्यात म्हणतो की तू आवाज खाली आणलास तरी इतरांना ऐकू न येणारे तुझे सूर मला ओळखू येतात. दोनशे वर्षांपूर्वीचं हे, आणि कुणी एका दमात वाचताना ऐकलं की असं वाटतं हे कानांसाठीच लिहिलं होतं. लिब्रिव्हॉक्सवर फुकट आहे, स्वयंसेवकांनी वाचलेलं, वेगवेगळ्या आवाजांत, दोन-तीन ऐकून त्यातला आवडेल तो घे.

आणि दुसरं टोक म्हणजे ई. एम. फॉर्स्टरची 'मॉरिस'. १९१३-१४ ला लिहिली, छापली गेली १९७१ मध्ये, फॉर्स्टर गेल्यावर वर्षाने, कारण दोन पुरुषांची गोष्ट आणि शेवट सुखाचा, त्या काळी इंग्लंडमध्ये हे गुन्ह्यात मोडत होतं. (हे फॉर्स्टर म्हणजे १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या देवासच्या आपल्या मराठी पवार महाराजांचे खाजगी चिटणीस होते ते.) त्यात क्लाइव्ह मॉरिसला सोडतो आणि लग्न करून मोकळा होतो. आपल्याला वाटतं आता तो परत येईल, पण लेखक त्याला परत आणत नाही, मॉरिसला दुसराच माणूस मिळतो, अ‍ॅलेक. दुसरी संधी त्याच माणसाबरोबर मिळायला हवी असं नाही हे मला तिथे पहिल्यांदा कळलं, आणि तेव्हा मला ते कळायची फार गरज होती.

परत जुळण्याच्या पुस्तकात 'तेव्हा' आणि 'आता' असे चॅप्टर आलटून पालटून असतात, त्यात हरवायला होतं, माझंही व्हायचं. ऐकायला बसायच्या आधी चॅप्टरची यादी एकदा डोळ्याखालून घाल, पुष्कळदा त्यात वर्षं लिहिलेली असतात. आणि नॅरेटर वय कसं दाखवतो ते ऐक. अठराचा मुलगा म्हणजे आवाज बारीक असं नाही, त्याची वाक्यं घाईत येतात आणि शेवट वर जातो, तोच अठ्ठावीसचा झाला की वाक्य खाली उतरून संपतं. हे जमलेलं असेल तर तारीख न ऐकताही कळतं आपण कुठल्या साली आहोत.

पण माझा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे हे दोन्ही एकत्र. दोघं सहा महिन्यांपूर्वी वेगळे झालेत, घरी सांगितलेलं नाही, आणि बहिणीचं लग्न आलंय. आता चार दिवस अजूनही एकत्र असल्याचं दाखवायचंय. इथे नियम ठरवायची गरजच पडत नाही कारण नाटक सगळं पाठ आहे, त्याला कॉफीत साखर किती लागते, गर्दीत गुदमरायला लागल्यावर तो कुठला खांदा उडवतो, रात्री झोपेत कुठल्या बाजूला वळतो. नाटक म्हणून हात धरला आणि हाताला जुनी जागा आपोआप सापडली. नॅरेटरला इथे सगळ्यात अवघड काम असतं, एकेकाळी खरं असलेलं वाक्य खोटं म्हणून म्हणायचं आणि ते परत खरं होतंय हेही ऐकवायचं. जो हे करतो त्याच्यापुढे मी हात जोडतो.

यातलं एक मी दादर-पुणे शिवनेरीत ऐकत होतो. माझं जे नातं होतं ते २०१३ मध्ये संपलं होतं, त्याच्या घरी स्थळं बघायला लागले आणि तो गेला. माझ्या आईला तो 'मित्र' म्हणून माहीत होता, दर गणपतीला मोदकांना यायचा. पुढची चार वर्षं ती विचारायची, तो नाही का रे आला यंदा, आणि मी सांगायचो ऑफिस आहे त्याला, पुढच्या वर्षी येईल. म्हणजे मी एकटाच ते नाटक चालवत होतो, तुटलेलं न तुटल्यासारखं दाखवत होतो. पुस्तकात नायकाची आई लग्नघरात सगळ्यांची पांगापांग झाल्यावर त्या दुसऱ्या मुलाच्या हातात डबा देते आणि म्हणते की मला माहितीये तुम्ही एकत्र नाही आहात, तरी घेऊन जा. खंडाळ्याचा घाट चालू होता, मी पॉज केलं. वाकडला उतरलो आणि तिथेच बाजूला उभा राहून आईला फोन केला, सांगितलं की तो येणार नाहीये, आणि का येणार नाहीये, आणि तो माझा कोण होता. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली मला वाटलंच होतं, जेवलास का.

त्या फोननंतर बाकीचं पुस्तक मी एका आठवड्याने ऐकलं.

तुझ्या बाकी छोट्या प्रश्नांची उत्तरं पटापट देतो. घरी कळायची भीती आहे म्हणालास, तर ही पुस्तकं ऐकतोस त्या अ‍ॅपचं खातं कुणाशी शेअर करू नकोस, लॉक स्क्रीनवर कव्हर आणि नाव दिसतं का ते स्वतः तपास, आणि बाबांच्या गाडीत बसायच्या आधी फोनचं ब्लूटूथ बंद कर, गाडी आपोआप जोडली जाते आणि जिथे थांबला होतास तिथूनच सुरू होतं. बेडरूमचे सीन ऐकायला अवघड वाटत असतील तर खुशाल पुढे ढकल, त्यात गोष्ट समजायची राहत नाही, फक्त सीन संपल्यावरचं बोलणं सोडू नकोस, तिथे दोघं खरं बोलतात. अ‍ॅक्सेंट जड जात असेल तर पहिला अर्धा तास दोनदा ऐक, कान बसतो. तुझी बहीण परदेशात आहे आणि तिला सगळं माहितीये असं लिहिलंयस, तर तिला सांग की तिथल्या सरकारी वाचनालयाचं कार्ड काढलं की पुष्कळ ठिकाणी लिबी अ‍ॅपवर ऑडिओबुकं फुकट मिळतात, तीही ऐकेल, तुमचं दोघांचं बोलायला काहीतरी होईल.

मराठीत काय आहे असं विचारलंस. स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं अ‍ॅप २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठी ऑडिओबुकं वाढली, मला काम त्यातूनच मिळालं. सचिन कुंडलकरांचं २००६ चं 'कोबाल्ट ब्लू' माझं फार लाडकं पुस्तक आहे, भाऊ आणि बहीण एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात आणि तो निघून जातो, पण ते निघून जाण्याचं पुस्तक आहे. दोन मराठी पुरुष भांडतात, तुटतात, दहा वर्षांनी कुठल्यातरी एसटी स्टँडवर भेटतात आणि शेवटी एकत्र स्वयंपाक करतात, असलं काही मी अजून स्टुडिओत वाचलेलं नाही, आणि मला ते वाचायचंय. तू लिहितोस असं तुझ्या प्रश्नावरून वाटलं. लिहिलंस तर वाचायला मी आहे, पैशाचं नंतर बघू.

तोवर क्रम सांगतो. आधी 'पर्स्वेशन'मधला फक्त पत्राचा चॅप्टर ऐक, तेविसावा, साध्या स्पीडवर, कान तयार होतो. मग 'बॉयफ्रेंड मटेरियल' पहिल्यापासून, नियम ठरतात तिथे बुकमार्क. शेवटचा चॅप्टर संपला की लगेच दुसरं काही लावू नकोस, बुकमार्कवर परत जा आणि तो नियमांचा सीन पुन्हा एकदा ऐक. आणि मधल्या वेळचा तो शब्द, कुणी न विचारता निघालेला, तुला कितव्या तासाला ऐकू आला ते मला कळव, माझा पहिल्या वेळी सुटला होता.